ऑर्किडसाठी पावसाचं पाणी: धरायचं कसं आणि टिकवायचं कसं?

पागोळी

पावसाच्या पाण्याचं कौतुक सगळेच करतात, पण ते साठवण्याबद्दल सलग काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझ्याकडे नळाचं पाणी जड आहे. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) 400 च्या आसपास दाखवतो. फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियम त्यावर कुरकुर न करता वाढतात, पण पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियमच्या पानांची टोकं करपतात, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. पावसात ठेवली की नवी पानं स्वच्छ येतात. पाऊस सरला, नळ सुरू झाला की पुन्हा टोकं तपकिरी.

छप्पर पत्र्याचं आहे, रंगवलेलं, साधारण 12 चौरस मीटर. पन्हळ लावलेली आहे. टाकी केवढी घ्यावी? पहिला पाऊस सोडून द्यायचा म्हणतात, म्हणजे नेमका किती? आणि सगळ्यात मोठी शंका: पाणी महिनोन् महिने पिंपात राहिलं तर ते पावसाचं पाणी राहतं, की डबक्याचं होतं?

जुनं_खोड

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे. पाणी टिकतं. पाणी सडत नाही, पाण्यात गेलेली पानं, परागकण, पक्ष्यांची विष्ठा, मेलेले किडे हे सडतं. ते आत जाऊ दिलं नाही आणि उजेड बंद केला तर पिंपातलं पाणी पुढच्या पावसापर्यंत वापरता येतं. लोक गोळा करण्यावर डोकं लढवतात आणि साठवणीकडे दुर्लक्ष करतात, त्यामुळे "पावसाचं पाणी घातलं तरी मुळं कुजली" अशा तक्रारी येतात.

आता हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमच्या 12 चौरस मीटरवर 20 मिलिमीटरची एक चांगली सर आली की 240 लिटर. उडालेलं, पन्हळीबाहेर सांडलेलं, पत्र्याला चिकटून राहिलेलं असं 15-20 टक्के वजा करा. तरी 200 लिटरचं पिंप एका सरीत भरतं. म्हणजे छप्पर तुम्हाला कमी पडणार नाही, साठवायची जागा कमी पडेल.

म्हणून टाकी छपराच्या मापाने न घेता कोरड्या काळातल्या गरजेच्या मापाने घ्या. नाजूक झाडं किती आहेत ते मोजा, फक्त नाजूक. समजा 20 कुंड्या, प्रत्येकीला एका वेळी पाव लिटर. झाले 5 लिटर. आठवड्यातून दोनदा धरलं तर आठवड्याला 10 लिटर. 500 लिटर साठा कागदावर जवळजवळ वर्षभर पुरतो. कडक उन्हात फेऱ्या वाढतील, शिवाय अधूनमधून कुंडी धुऊन काढायला जास्त पाणी लागेल, तरी सहा-सात महिने सहज निघतात.

वजन विसरू नका. 500 लिटर म्हणजे अर्धा टन. बाल्कनीत किंवा जुन्या गच्चीच्या मध्यावर ठेवायची वस्तू नाही ही.

थेंबेथेंबे

वाचतोय. वाचनखूण साठवली.

ज्यांच्याकडे स्वतःचं छप्परच नाही त्यांनी काय करायचं? माझ्याकडे छोटी उघडी गच्ची आहे, पन्हळ वगैरे काही नाही.

मोलभर

थेंबेथेंबे, छप्पर नसेल तर उलट फायदाच आहे. चार कोपरे बांधलेली स्वच्छ प्लास्टिकची ताडपत्री, मधे खोलगट, खाली भोक आणि त्याखाली बादली. दोन चौरस मीटरची ताडपत्री 30 मिलिमीटर पावसात 60 लिटरच्या आसपास देते. पाऊस आला की ताणायची, गेला की काढून ठेवायची. तिच्यावर धूळ साचत नाही, पक्षी बसत नाहीत, त्यामुळे हे पाणी छपरावरच्या पाण्यापेक्षा स्वच्छ असतं. दहा-बारा कुंड्यांना एवढं पुष्कळ झालं.

पागोळी, पहिल्या पावसाबद्दल. कोरड्या दिवसांत छपरावर धूळ, काजळी, विष्ठा, पराग साचतात आणि पहिल्या सरीत ते सगळं खाली येतं. हवेतली धूळही त्याच सरीत धुतली जाते. साधा नियम असा की पहिला एक ते दोन मिलिमीटर पाऊस सोडून द्यायचा. तुमच्या छपराला ते 12 ते 24 लिटर झालं. मोठ्या खंडानंतर दोनच्या बाजूने जा. रोज पाऊस पडत असेल तर छप्पर धुतलेलंच असतं, मग एवढं सोडायची गरज नाही.

दर वेळी हाताने कोण सोडणार? पन्हळीतून उतरणाऱ्या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून एक उभा पाइप खाली सोडा, तळाला बूच. पहिलं घाण पाणी या पाइपात भरतं, तो भरला की पुढचं पाणी वरून टाकीकडे वळतं. चार इंची पाइपात दर मीटरला साधारण 8 लिटर मावतं, म्हणजे दीड मीटर पाइप तुमचा एक मिलिमीटर गिळतो. बुचाला बारीक भोक ठेवा, म्हणजे पाऊस थांबल्यावर पाइप आपोआप रिकामा होतो. पाइपात एक हलका चेंडू टाकला तर तो पाण्याबरोबर वर येऊन तोंड बंद करतो आणि खालचा गाळ वरच्या पाण्यात मिसळत नाही. ते भोक मात्र सारखं तुंबतं, त्यात तार घालत राहावं लागतं. हा उद्योग टाळायचा कुठलाही मार्ग मला माहीत नाही.

किती सोडायचं याचा अंदाज मीटरनेही येतो. सर सुरू होतानाचं पाणी एका वाटीत, वीस मिनिटांनंतरचं दुसऱ्या वाटीत. दोन्ही मोजा. आकडा 20-30 च्या खाली येऊन स्थिरावला की टाकीकडे वळवा.

वांडा_वेडी

पत्रा रंगवलेला आहे हे बरं. छप्पर कशाचं आहे यावर बरंच काही ठरतं, पण कुणी विचारतच नाही.

मोलभर

खरंय. रंगवलेला पत्रा, मातीची कौलं, काच, पॉलिकार्बोनेट यांवरून आलेलं पाणी बिनधास्त वापरा. नव्या गॅल्वनाइज्ड पत्र्यावरून जस्त उतरतं. पावसाचं पाणी थोडं आम्ल असल्यामुळे ते धातू लवकर विरघळवतं. तांब्याच्या पन्हळी आणि शिशाच्या पट्ट्या असतील तर ते पाणी ऑर्किडला नको. तांबं ऑर्किडला फार लवकर बाधतं. डांबराचा थर नव्याने दिलेला असेल किंवा छपरावर शेवाळनाशक मारलं असेल तर काही महिने ते पाणी सोडूनच द्या. नव्या काँक्रीटच्या स्लॅबवरून चुना उतरतो, पाणी वाहत येताना जड होतं आणि सामू (पीएच) चढतो. जुन्या, पावसाने धुऊन निघालेल्या स्लॅबचा त्रास बराच कमी. सिमेंटच्या टाकीलाही हेच लागू.

नळावरचा

थोडं विरोधी मत मांडतो, रागावू नका.

पावसाच्या पाण्याची इतकी पूजा का चालते ते मला कळत नाही. 400 टीडीएसच्या नळाच्या पाण्यावर कॅटलिया, व्हांडा, ऑन्सिडियम, फॅलेनॉप्सिसचे संकर वर्षानुवर्षं फुलतात, मी स्वतः फुलवतो. ज्यांची मुळं मरतात त्यांच्या कुंडीतली साल (मातीऐवजी भरलेले झाडाच्या सालीचे तुकडे) कुजून चिखल झालेली असते. त्यांनी टाकी बसवण्यापेक्षा कुंडी बदलावी.

आणि खत घातल्यावर कुणी मीटर बघितलाय? लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम खत म्हणजे 500 पीपीएम (लिटरला 500 मिलिग्रॅम) तिथेच झाले. आधी 15 टीडीएसचं अमृत गोळा करायचं आणि मग त्यात स्वतःच्या हाताने मीठ कालवायचं!

शिवाय "निसर्गात शुद्ध पावसाचं पाणी मिळतं" हेही अर्धवट आहे. झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडपर्यंत पोचणारं पाणी आधी वरच्या पानांवरून, फांद्यांवरून, शेवाळ्यातून ओघळत आलेलं असतं. पोटॅशियम आणि काय काय घेऊन येतं ते. तुमची शुद्ध टाकी जंगलात कुठेच नसते.

जुनं_खोड

नळावरचा, तुमच्या पोस्टमधलं निम्मं मला मान्य आहे. वांडा_वेडी रागावेल, पण व्हांडा, डेंड्रोबियम, कॅटलिया यांच्यासाठी मी टाकी बसवणार नाही. फॅलेनॉप्सिससाठीही नाही. कुजकी साल बदला हेही शंभर टक्के खरं.

पण पागोळीची तक्रार पॅफिओपेडिलम आणि फ्रॅग्मिपेडियमची आहे. क्षारांना नाजूक ऑर्किडांत ही दोन, शिवाय मॅस्डेव्हेलिया, ड्रॅक्युला आणि डिसा. डिसा युनिफ्लोरा दक्षिण आफ्रिकेत टेबल माउंटनच्या परिसरात ओढ्यांच्या काठी, वाहत्या थंड पाण्याजवळ वाढतं. त्याला 400 टीडीएस देऊन बघा, पान करपण्यावर थांबणार नाही, झाडच जाईल. तेव्हा "ऑर्किड" हा एकच गठ्ठा करून भांडण्यात अर्थ नाही.

मोलभर

खताचा मुद्दा चांगला काढलात, पण तो पावसाच्या पाण्याच्या बाजूने जातो. मुळं एकूण क्षार एका मर्यादेपर्यंत सोसतात. नळाच्या पाण्याने त्यातले 400 आधीच खाल्ले असतील तर खताला जागा उरते किती? 400 अधिक 500 म्हणजे 900. पावसाचं पाणी वापरलं तर 515. शिवाय खतातलं नायट्रोजन आणि पोटॅश झाड खातं, तर नळाच्या पाण्यातलं सोडियम, क्लोराइड आणि जास्तीचं बायकार्बोनेट फारसं न खाता मागे उरतं आणि सालीत साचत जातं. पांढरा थर दिसतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. सोडियम दिसत नाही, पण जास्त त्रास तेच देतं.

यावरून एक सूचना: पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून आलेलं पाणी ऑर्किडला घालू नका. ते यंत्र कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतं. टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो आणि झाडाच्या दृष्टीने पाणी आणखी वाईट होतं.

टीडीएस मीटरबद्दलही थोडं. हा मीटर क्षार मोजत नाही, विद्युतवाहकता मोजतो आणि एका गुणकाने आकडा काढतो. कुणाच्या मीटरचा गुणक 0.5, कुणाचा 0.7. एकच पाणी एकाकडे 400 आणि दुसऱ्याकडे 560 दिसेल. त्यामुळे एकमेकांचे आकडे ताडून बघताना मीटरच्या पत्रकातला गुणक तपासा.

हिरवं_टोक

नवीन आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. पावसाच्या पाण्याचा पीएच मोजला तर दर वेळी वेगळाच येतो. कधी 5.5, कधी 6.8. मीटर बिघडलाय का?

मोलभर

नाही, मीटर बरा असावा. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने स्वच्छ पावसाचा सामू 5.6 च्या आसपास असतो. पण या पाण्यात सामू धरून ठेवणारं काहीच नसतं. भांड्याला लागलेली धूळ, मीटरच्या टोकाला उरलेलं आधीचं द्रावण, एवढ्यानेही आकडा पळतो. नुसत्या पावसाच्या पाण्याचा सामू मोजायचा नाद सोडा. खत मिसळल्यावर मोजा, 5.5 ते 6.5 च्या दरम्यान असला की पुरे.

खरा फरक सामूपेक्षा क्षारतेचा, म्हणजे बायकार्बोनेटचा. जड पाण्यातलं बायकार्बोनेट हळूहळू कुंडीतल्या माध्यमाचा सामू वर चढवतं, मग लोह, मँगनीज असूनही झाडाला मिळत नाही आणि नवी पानं पिवळट येतात. पावसाच्या पाण्यात उलट होतं. तिथे खतच सामू ठरवतं. अमोनियम जास्त असलेलं खत सतत घातलं तर माध्यम आंबट होत जातं.

हिरवं_टोक

धन्यवाद! मग आणखी एक. पावसाचं पाणी सुरू केल्यापासून कॅटलियाच्या नव्या फुटव्याचं टोक काळं पडतंय. बुरशी समजून औषध मारलं, फरक नाही.

जुनं_खोड

खत कुठलं घालता?

हिरवं_टोक

20-20-20.

जुनं_खोड

मग कॅल्शियमची कमतरता असण्याची शक्यता मोठी. साध्या 20-20-20 मध्ये (हे आकडे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशच्या टक्क्यांचे) बहुधा कॅल्शियम नसतंच, कारण ते नळाच्या जड पाण्यातून मिळेल असं धरलेलं असतं. तुम्ही नळ बंद केलात आणि नकळत कॅल्शियमही बंद झालं. कॅल्शियम झाडात जुन्या पानाकडून नव्याकडे सरकत नाही, म्हणून नव्या फुटव्याचं टोक आधी मरतं. मात्र काळं टोक ओलसर, मऊ असेल, वास येत असेल आणि रोज पुढे सरकत असेल तर ती जिवाणूंची कूज, तिथे कापणंच बरं. कोरडं, टोकापुरतं थांबलेलं असेल तर कॅल्शियमच.

पावसाच्या आणि आरओच्या पाण्यासाठी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र आहे: 13-3-15, सोबत 8 टक्के कॅल्शियम आणि 2 टक्के मॅग्नेशियम. जड पाण्यासाठी त्यांचंच वेगळं सूत्र, 19-4-23. पहिलं मिळालं तर प्रश्न मिटला. लिटरला अर्धा ग्रॅम टाकलं की नायट्रोजन 65 पीपीएम होतो. नाजूक झाडांना दर पाण्याला द्यायचं असेल तर पाव ग्रॅम.

मोलभर

ते खत मिळत नसेल तर कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट आलटून पालटून द्या, एका आठवड्यात हे, पुढच्या आठवड्यात ते. दोघांचं दाट द्रावण एका बाटलीत करून ठेवू नका. तळाला पांढरा साका बसेल. ते जिप्सम, म्हणजे तुमचं कॅल्शियम बाटलीच्या तळाशी गेलं.

नळावरचा

किंवा, एक वेडगळ कल्पना, पावसाच्या पाण्यात थोडं नळाचं पाणी मिसळा. कॅल्शियम फुकट.

मोलभर

वेडगळ अजिबात नाही, उलट या धाग्यातला सगळ्यात कामाचा सल्ला आहे. पागोळीचंच उदाहरण घेऊ. एक भाग नळाचं 400, तीन भाग पावसाचं 15. (400 + 45) भागिले 4, म्हणजे 110 च्या आसपास. थोडं कॅल्शियम आलं, सामू धरून ठेवायला थोडं बायकार्बोनेट आलं आणि साठा एक तृतीयांशाने वाढला. पॅफिओपेडिलमच्या बऱ्याच जातींना हे मानवतं, त्यातल्या काही तर मुळात चुनखडीच्या खडकांवर वाढणाऱ्या आहेत. फ्रॅग्मिपेडियम आणि मॅस्डेव्हेलियाला मात्र निव्वळ पावसाचं पाणी आणि हलकं खत.

अट एकच: नळाच्या पाण्यातलं जडपण कॅल्शियमचं असावं. खाऱ्या विहिरीचं असेल तर मिसळू नका.

पागोळी

हे फारच उपयोगी झालं, सगळ्यांचे आभार. म्हणजे 500 लिटर आता आणखी लांबतील. पण डासांचं कुणीच बोललं नाही. घरचे टाकीला विरोध करताहेत तो त्यामुळेच.

वांडा_वेडी

घरच्यांचं बरोबर आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती असंच साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी पसंत करतो. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

सगळ्यांना टाकीचं झाकण आठवतं आणि बाकीची तोंडं विसरली जातात. पाणी आत येतं तो पाइप, ओव्हरफ्लोचा पाइप, झाकणाची फट, आणि तोटीखाली ठेवलेली थाळी ज्यात थेंब थेंब साचतं. चारही जागी मच्छरदाणीएवढी बारीक जाळी, घट्ट बांधलेली. ओव्हरफ्लोला जाळी नसेल तर झाकण घट्ट असून नसल्यासारखं. मोलभर यांनी सांगितलेल्या उभ्या पाइपातही पाणी तुंबून राहिलं तर तिथे अळ्या होतात, ते भोक मोकळं ठेवायचं हे आणखी एक कारण.

दुसरी गोष्ट, एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. त्यामुळे टाकी नुसती रिकामी करून उपयोग नाही, आतून ब्रशने घासून काढायची.

बीटीआय नावाच्या जिवाणूच्या गोळ्या किंवा दाणे मिळतात, पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. त्या अळ्या मारतात, ऑर्किडला काही करत नाहीत. गप्पी मासे मी सुचवणार नाही. बंद अंधाऱ्या पिंपात त्यांचे हाल होतात आणि त्यांची घाण पाण्यात उतरते. तेलाचा तवंग तर मुळीच नको. व्हांडाच्या मुळावर असतो तो रुपेरी थर, व्हेलामेन, म्हणजे मेलेल्या पोकळ पेशींचा स्पंज. पाणी लागताच क्षणात ओढून घेतो आणि हिरवा दिसू लागतो. त्यात तेल गेलं की मूळ पाणी प्यायचं कसं?

थेंबेथेंबे

माझ्या दोन बादल्यांतलं पाणी आठवड्याभरात हिरवं झालं. तुरटी फिरवू का?

जुनं_खोड

तुरटी नको. तुरटी म्हणजे अॅल्युमिनियमचं क्षार. पावसाच्या पाण्यात सामू सावरणारं काही नसल्याने थोड्या तुरटीनेही पाणी चांगलंच आंबट होतं. मोरचूद तर लांबच ठेवा, तांब्याचं वर आलंच आहे.

शेवाळ्याला उजेड लागतो. पांढऱ्या किंवा फिकट निळ्या पिंपातून उजेड आत जातो. काळं, जाड, अपारदर्शक पिंप घ्या किंवा आहे त्याला काळं कापड, पोतं गुंडाळा. काळं पिंप उन्हात तापतं, तेव्हा सावलीत ठेवा. आधी काय भरलेलं होतं ते माहीत नसलेलं जुनं पिंप घेऊ नका. कीटकनाशकाचं पिंप धुऊन कधीच स्वच्छ होत नाही. अन्नपदार्थांसाठी वापरतात त्या दर्जाचं एचडीपीई प्लास्टिकचं पिंप घ्या, तळाला त्रिकोणात 2 आकडा असतो.

तोटी तळापासून वीतभर वर बसवा, म्हणजे गाळ खाली राहतो. गाळ काढायला तळाशी वेगळं बूच. पिंप चौथऱ्यावर ठेवलंत तरी झारी भरण्यापुरताच दाब मिळेल. मीटरभर उंचीने जेमतेम 0.1 बार येतो, त्यावर फवारा चालत नाही.

पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजा तळाशी पाला कुजतोय आणि प्राणवायू संपलाय. ते पाणी ऑर्किडला नको, बागेतल्या मोठ्या झाडांना घाला. पिंप घासा, ब्लीचच्या पातळ द्रावणाने धुवा, दोन-तीनदा साध्या पाण्याने विसळून वाळवा. मत्स्यपेटीचा हवेचा छोटा पंप आत सोडून ठेवला तर वासाची वेळ सहसा येत नाही.

थेंबेथेंबे

ओके, बादल्या काळ्या करतो. अवांतर: एसीतून ठिबकणारं पाणी चालेल का? रोज बादलीभर जातं.

मोलभर

अवांतर नाही, उपयुक्तच आहे. ते हवेतलीच वाफ थंड होऊन झालेलं पाणी, क्षार जवळजवळ नाहीत. पण ते तांब्या-अॅल्युमिनियमच्या वेटोळ्यावरून येतं आणि खालच्या तबकडीत बुळबुळीत थर असतो. एसी नुकताच रसायनाने साफ केला असेल तर काही दिवस सोडून द्या. एरवी व्हांडा, डेंड्रोबियमसारख्या काटक झाडांवर आधी वापरून बघा. फ्रॅग्मिपेडियमवर प्रयोग नको.

वांडा_वेडी

एक गोष्ट राहून जातेय. टाकीच्या वर टांगलेल्या कुंड्या नकोत, आणि कुंड्यांखालून गळलेलं पाणी गोळा करून पुन्हा टाकीत घालायचं नाही. पाण्याची बचत म्हणून लोक करतात ते. पिथियम, फायटोफ्थोरा यांचे बीजाणू पाण्यात पोहतात. एका कुजक्या मुळाचं पाणी टाकीत गेलं की तीच टाकी सगळ्या झाडांना मुळकूज वाटते. ऑर्किडचे दोन नेहमीचे विषाणू, सिंबिडियम मोझॅक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट, मुख्यतः कात्रीवरच्या रसातून पसरतात, पण आजारी झाडाचं गळतं पाणी दुसऱ्याच्या मुळाशी जाऊ देण्यातही शहाणपण नाही.

हिरवं_टोक

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाचं पाणी वापरावं का? वाऱ्याबरोबर खारं येतं असं ऐकलंय.

मोलभर

येतं. वादळी वारा समुद्राकडून असेल तेव्हा पावसातही मीठ असतं आणि छपरावर तर साचलेलं असतंच. पहिलं पाणी जास्त सोडा आणि दर सरीला मीटर लावा. आकडा 50 च्या वर राहिला तर ती सर जाऊ द्या, पुढची धरा. कारखान्यांच्या धुराखाली राहणाऱ्यांना मात्र मीटर पुरेसा नाही, काजळी आणि तेलकट कण त्यात दिसत नाहीत. तिथे आरओ बरा. आरओत वाया जाणारं खारं पाणी कुंड्यांना घालू नका, फरशी धुवायला वापरा.

जुनं_खोड

थंडीत एक पथ्य. बाहेरच्या टाकीतलं गार पाणी थेट फॅलेनॉप्सिसच्या पानांवर ओतू नका. पेशी मरून पानावर खड्डे पडतात, ते नंतर काळे होतात आणि लोक रोग समजून औषधं मारतात. झारी भरून आदल्या दिवशी घरात ठेवा.

थंडीत पाणी कमीच लागतं म्हणा. डेंड्रोबियम नोबिलेच्या गटातली आणि पानं गाळणारी कॅटासेटम तेव्हा विश्रांती घेतात, कॅटासेटमला नवी मुळं वाढेपर्यंत जवळजवळ थेंबही नको. साठ्याचा हिशोब करताना ते आठवडे वजा करा.

नळावरचा

इतकं वाचून मलाही एक पिंप ठेवावंसं वाटू लागलंय. एकच. मॅस्डेव्हेलिया पाळायची हिंमत यापूर्वी झाली नव्हती.

पागोळी

तर माझं ठरलं ते असं. 500 लिटरची एक टाकी घेण्याऐवजी 200 लिटरची तीन काळी पिंपं, सावलीत, जमिनीवर. एकाचं पाणी बिघडलं तरी बाकीची वाचतील. दीड मीटरचा उभा पाइप, चेंडूसकट. सगळ्या तोंडांना जाळी. पॅफिओपेडिलमला तीनास एक मिश्रण, फ्रॅग्मिपेडियमला निव्वळ, बाकी सगळे नळावर. तिन्ही पिंपं तळाशी पाइपाने जोडली तर एकाच तोटीतून पाणी घेता येईल, बरोबर ना?

जुनं_खोड

तळाशी जोडलीत तर ती तीन पिंपं राहत नाहीत, एकच टाकी होते. एकातली घाण तिन्हीत जाईल आणि वेगळी घेण्याचा उद्देशच संपेल. जोडायचीच तर वरच्या बाजूला जोडा. पहिलं भरलं की ओव्हरफ्लो दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. गाळ बराचसा पहिल्यातच बसेल, तिसऱ्यातलं पाणी सगळ्यात निवळ येईल. ते फ्रॅग्मिपेडियमसाठी राखून ठेवा. तोट्या मात्र तीन लागतील.